आक्काची सही

गेल्या सोमवारी थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला, घेऊन बँकेत गेलो होतो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाखेचा नाही. पोस्ट मोठी झालीय. सवडीनं वाचा, पण वाचा. ज्यांना बहीण आहे त्यांनी तर नक्कीच.

आक्का पलीकडच्या गावात दिलेली. अकरा-बारा वर्षं ती शेवया, कुरडया, पापड आणि शेंगा चटणी करून विकते. सुरुवात दोन किलो शेवयांपासून झाली, तीसुद्धा शेजारणीच्या पोरीच्या लग्नासाठी. आता पुण्याची, सोलापूरची गिऱ्हाइकं बांधलेली आहेत. दोन वर्षांपासून कडक भाकरीची मागणी वाढलीय. हाताखाली दोन बायका आहेत. उन्हाळ्यात इतक्या ऑर्डरी येतात की निम्म्या परत पाठवाव्या लागतात. हातानं किती लाटणार आणि पत्र्यावर किती वाळवणार? वळवाचा एक पाऊस आला की सगळा माल धरून घरात पळायचं.

म्हणून तिनं मोठं मशीन, वाळवणाचा ड्रायर आणि पॅकिंगचं मशीन घ्यायचं ठरवलं. कोटेशन आलं तीन लाख वीस हजारांचं. वहीत सगळा हिशोब लिहिलेला. बचत गटाचं पासबुक, गटातून घेतलेली आणि फेडलेली चार कर्जं, उद्यम नोंदणी, अन्न परवाना, सगळं पिशवीत.

मॅनेजर साहेब बरे होते. बसा म्हणले, चहा सांगितला. कागद चाळले. मग विचारलं, "ताई, तुमच्या नावावर काय आहे?"

आक्का म्हणली, "काय न्हाई साहेब."

"घर?"

"सासऱ्यांच्या नावावर."

"जमीन?"

"मालकांची. त्यांच्यावर सोसायटीचं पीककर्ज हाय."

"माहेरचं काही?"

आक्का काही बोलली नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण मी खाली बघितलं. कारण माहेरचं काय झालं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

२०११ साली आमचे वडील गेले. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आई, मी आणि दोन बहिणी अशी चार नावं लागली. वर्षभरात दोघी बहिणींना मी गाडीत घालून दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्र करून घेतलं. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही. "भावाशी वाकडं कशाला," एवढंच घरात बोललं गेलं. आक्कानं सही केली. दोघींना साड्या घेतल्या, येताना हॉटेलात जेवलो. मी त्या दिवशी फार खूश होतो. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, महिला दिनाला दरवर्षी लेख लिहितो, आणि बहिणीच्या नावावर जे काही होतं ते एका दुपारीत काढून घेतलं. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

बँकेतून बाहेर पडल्यावर आक्का म्हणली, "जाऊ दे. गटातनंच थोडं थोडं काढून करीन." मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. म्हणून हे लिहितोय.

आता कुणी म्हणेल, बायकांना कर्ज मिळत नाही हे जुनं झालं. आजकाल तर कर्जवाले दारात येतात! खरं आहे. आपल्याच गावात कुठल्याही गल्लीत सकाळी नऊ-दहाला जाऊन बघा. ओट्यावर दहा-पंधरा बायका गोल बसलेल्या, मध्ये बॅग घेतलेला पोरगा, हप्ते गोळा चाललेत. मायक्रोफायनान्सची तीस-चाळीस-साठ हजारांची कर्जं बायकांनाच देतात, पुरुषांना शक्यतो नाहीच. कारण बाई हप्ता चुकवत नाही. पोराच्या फीचे पैसे बाजूला काढेल, दागिना मोडेल, पण हप्ता भरेल.

पण त्या पैशाचा भाव बघा. या कंपन्यांचा व्याजदर साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात असतो. ६० हजार रुपये २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज जातं सोळा हजारांच्या वर. तेच बँकेनं १० टक्क्यांनी दिले तर व्याज होतं साडेसहा हजारांच्या आत. फरक जवळजवळ दहा हजारांचा. शेवया विकणाऱ्या बाईला हे दहा हजार कमवायला किती दिवस राबावं लागतं, ते तिलाच विचारा.

आणि जिला तेही मिळत नाही, ती खासगी सावकाराकडं जाते. माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला असते तेव्हा रस्त्याच्या कडेनं चहा, पोहे, भजी विकणाऱ्या बायका बघता ना? त्यातल्या एकीनं मला सांगितलं, सामानासाठी वीस हजार 'दहा टक्क्यानं' घेतले होते. हे दहा टक्के वर्षाचे नाहीत, महिन्याचे. म्हणजे वर्षाला एकशेवीस. वारी पुढं गेली की ती दोन हजार व्याजासकट पैसे परत करते. चार दिवस रात्रंदिवस जागून जे कमावलं, त्यातला मोठा वाटा सावकाराचा. २०१४ पासून राज्यात सावकारी नियमनाचा कायदा आहे, त्यात परवाना आणि व्याजाची मर्यादा दोन्ही आहे. पण पालखीच्या आदल्या रात्री बेसनाचं पोतं आणायचं असतं, तेव्हा कायद्याचं पुस्तक कोण उघडतं?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: बाईला कर्ज मिळतं, तिच्या धंद्याला मिळत नाही. चूल चालवण्यापुरतं, आजारपणापुरतं, शाळेच्या फीपुरतं महाग कर्ज तिच्या दारात येतं. पण धंदा उभा राहिला, गिऱ्हाईक तयार आहे, आता एक पायरी वर चढायची आहे, तेव्हा लागणारे दोन, तीन, पाच लाख, तिच्या स्वतःच्या नावावर, बँकेच्या दरानं, ते मात्र मिळत नाहीत. आणि खरी वाढ तिथंच अडते. तिची, गावाची आणि देशाचीसुद्धा.

सरकारी आकडेही हेच सांगतात. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात बायकांच्या मालकीचे सुमारे ८० लाख उद्योग-धंदे मोजले गेले, एकूण धंद्यांच्या १४ टक्क्यांच्या आत. त्यातले सुमारे ७९ टक्के स्वतःच्या पैशानं चालवलेले. बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जावर चालणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. शंभर बायका धंदा करतात, त्यातल्या एकीला बँकेनं हात दिला. ही गणना जुनी आहे, त्यानंतर मुद्रा योजना आली, हे मान्य. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत दहा वर्षांत ५२ कोटींहून जास्त कर्जं मंजूर झाली आणि त्यातली सुमारे ६८ टक्के महिलांना, असं सरकार सांगतं. आकडा मोठा आहे, त्याचं कौतुकही व्हायला हवं. पण मुद्रात 'शिशु' म्हणजे ५० हजारांपर्यंत, 'किशोर' म्हणजे ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' म्हणजे १० लाखांपर्यंत. आपल्या बायका बहुतेक शिशुतच राहतात. पोरगं दहा वर्षांचं झालं तरी बालवाडीत बसवल्यासारखं आहे हे.

एका अभ्यासाचं सांगतो. २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर हैदराबादच्या वस्त्यांमध्ये मायक्रोफायनान्सचा अभ्यास केला होता. निष्कर्ष काय? छोट्या कर्जानं सगळ्यांचं आयुष्य पालटतं वगैरे जे सांगितलं जातं, तसं काही दिसलं नाही. पण ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता, त्यांनी कर्जातून धंद्यात भांडवल घातलं आणि तो वाढवला. म्हणजे ज्या बाईनं धंदा करून दाखवलाय, तिच्या हातात पैसा दिला तर तो कामाला लागतो. आणि आपण नेमकं तिलाच, आधीच्या महाग कर्जाचे चार हप्ते चालू असताना, दारातून परत पाठवतो.

आता "बायकांना धंद्याचं काय कळतं" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. ते ८० रुपयेसुद्धा बँकेनं दिले नव्हते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायका गिरणी कामगारांना जेवण घालायच्या आणि किराणा उधार आणून सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. प्रेमाताईंनी त्यांना बँकेच्या दारात नेलं आणि कर्ज मिळवून दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी इलाबेन भट्ट यांच्या पुढाकारानं अहमदाबादमध्ये 'सेवा'च्या बायकांनी स्वतःची बँकच काढली होती.

मुंबई-अहमदाबाद लांब वाटत असेल, तर पिलीवच्या पुढं म्हसवडला जाऊन या. माण तालुक्यातलं दुष्काळी गाव. तिथं चेतना गाला-सिन्हा यांच्याकडं एक बाई आली. बचत करायची होती, पण कुठली बँक खातं उघडून देईना. कर्ज नाही हो, बचत! तेव्हा बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. कारण काय, तर प्रवर्तक बायका निरक्षर, अंगठेबहाद्दर. या बायका गावात परत आल्या, लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांत पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, पण कॅल्क्युलेटर न वापरता. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बायकांचा रोज बुडतो म्हणून बँकेचा माणूस त्यांच्या दारात जायला लागला. पावसाची वाट बघणाऱ्या तालुक्यात हे होतं, तर नीरेच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या आपल्या माळशिरस तालुक्यात का होऊ नये?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. त्याच मॅनेजर साहेबांशी नंतर एकदा निवांत बोललो. ते म्हणाले, "शाखेत माणसं तीन. पेन्शन, पीककर्ज, लाडकी बहीण, आधार, केवायसी, सगळं आम्हीच बघायचं. तीन लाखांचं एक कर्ज तपासायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच तीस लाखांच्या कर्जाला. थकलं तर खुलासा मला मागतात. दोन-तीन वर्षांत माझी बदली. नवीन गावात कोण कसं आहे हे मला कसं कळणार? मग कागदच बघणार ना?"

हे म्हणणं खोटं नाही. कर्ज म्हणजे दुसऱ्या ठेवीदाराचा पैसा, तो सांभाळून द्यायलाच हवा. माझा प्रश्न एवढाच की बघायचा कुठला कागद? बचत गटाचं पासबुक हा कागद नाही का? देशभरातल्या महिला बचत गटांच्या कर्जांची थकबाकी दोन टक्क्यांच्या आत आहे. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून तीस वर्षांचा हा अनुभव आहे. आपल्या सोलापूर जिल्हा बँकेवर २०१८ साली प्रशासक बसला. तो शेवया करणाऱ्या बायकांनी हप्ते थकवले म्हणून बसला नव्हता, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्यांच्या नावावर सगळं होतं, त्यांची कर्जं बुडाली. जिच्या नावावर काहीच नाही, ती फेडते. तरी जामीन मागायचा तिलाच?

आणि नियमाचं म्हणाल तर नियम बायकांच्या बाजूचेच आहेत. फक्त ते आपल्याला कुणी सांगत नाही. काही इथं लिहितो, जपून ठेवा.

पहिला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच बँकांना बजावलंय. मुद्रालाही तारण नाही. म्हणजे आक्काला विचारलेला "नावावर काय आहे" हा प्रश्न मुळात तिचं कर्ज अडवायला वापरता येत नाही.

दुसरा. अर्ज दिला की पोच घ्यायची. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. आपल्याकडं बहुतेक बायकांचे अर्ज नाकारले जातच नाहीत, कारण ते घेतलेच जात नाहीत! "नंतर या", "साहेब मीटिंगला गेलेत", "टार्गेट संपलं". तोंडी नकाराची नोंद कुठंच राहत नाही, आणि मग वरच्या अहवालात सगळं छान दिसतं.

तिसरा. बचत गटाला १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, २०२१ नंतर ही सोय २० लाखांपर्यंत नेली आहे. 'उमेद'च्या गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळायची तरतूद आहे.

चौथा. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम चालतो. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. खाद्यपदार्थांच्या धंद्याला २०२० पासून केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, तिथंही ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. पण अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. बँकेनं कर्जच दिलं नाही तर अनुदान नुसतं फलकावर राहतं.

पाचवा, मायक्रोफायनान्सचा. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त व्हायला नकोत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही. हप्ता चुकला म्हणून शेजारणींना बाईच्या दारात बसवून ठेवतात, ते नियमात कुठंच नाही.

आणि स्टँड-अप इंडिया तर ऐकाच. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या या योजनेत प्रत्येक बँक शाखेनं निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि निदान एका महिलेला १० लाख ते १ कोटीपर्यंतचं कर्ज नव्या उद्योगासाठी द्यावं असं ठरलं होतं. प्रत्येक शाखेनं एक! मार्च २०२५ मध्ये त्या योजनेची मुदत संपली. आता तुमच्या गावातल्या शाखेत जाऊन विचारा, तुमच्या शाखेची ती एक बाई कोण? तिचा सत्कार करू. माझ्या ओळखीतल्या कुणालाच असं नाव सांगता आलेलं नाही.

आता देशाच्या वाढीचं बोलू, कारण "बायकांचे प्रश्न" म्हटलं की बरेच जण पोस्ट पुढं सरकवतात.

सरकारच्या श्रमशक्ती पाहणीप्रमाणं पंधरा वर्षांवरच्या महिलांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये सुमारे २३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये जवळजवळ ४२ टक्के झाला. ऐकायला छान आहे. पण ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायांपैकी जवळपास तीन चतुर्थांश स्वयंरोजगारात मोडतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. म्हणजे बाई कामाला लागली, पण तिच्या हातात भांडवल नाही, म्हणून तिच्या कामाची कमाई वाढत नाही. खुरपं तेच, लाटणं तेच, राबणारे हात तेवढे वाढले.

आक्काचाच हिशोब करून बघा. मशीन आलं तर ती आणखी चार बायकांना काम देणार. त्या चार घरांत महिन्याला पैसा येणार, तो इथंच किराण्यात, औषधात, शाळेत जाणार. गहू, ज्वारी, शेंगा ती आसपासच्या शेतकऱ्याकडूनच घेणार. पिशव्या, लेबल, टेम्पोभाडं, वीजबिल, सगळं आपल्याच परिसरात फिरणार. एका बाईला तीन लाख दिल्यानं दहा घरांत हालचाल होते. असं प्रत्येक गावात पाच बायकांचं झालं तर तालुक्याचा बाजार बदलेल. देशाची वाढ म्हणजे दुसरं काय असतं? उसाच्या बिलावर आणि पालखीच्या चार दिवसांवर आपलं मार्केट किती दिवस चालवायचं?

आणखी एक कडू गोष्ट. सगळा दोष बँकेवर टाकला की आपण मोकळे होतो. तसं नाही. बायकोच्या नावावर गटातून कर्ज उचलून गाडीचा हप्ता भरणारे, पोराच्या लग्नात डीजे लावणारे, उसाच्या लागणीला खत आणणारे आपणच आहोत. कर्ज तिच्या नावावर, खर्च आपला आणि हप्त्याची शरम पुन्हा तिचीच. मग बँकवाला विचारतो, "धंदा खरंच बाईचा आहे का?" तर त्याला संशय घ्यायला आपणच शिकवलंय.

आणि जमिनीचं तर विचारूच नका. १९५६ च्या कायद्यानं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा म्हणून. गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलं. सरकारनंही १९९२ मध्ये त्यासाठी परिपत्रक काढलं. २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ठरलं. इतकं सगळं होऊनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात बायकांच्या नावावरची वहिवाट खातेदारांच्या १४ टक्क्यांच्या आसपासच आहे. राबणाऱ्या बाया कितीतरी जास्त आहेत. अर्धनारीनटेश्वराच्या गावात राहतो आपण, देवाच्या मूर्तीत अर्धी बाई आहे. सातबाऱ्यावर मात्र अख्खा पुरुषच.

बँक नियम मोडून तारण मागते, ही तिची चूक. पण तिच्या हातात काहीच राहू नये याची व्यवस्था आपण आधीच करून ठेवलेली असते. माहेरी हक्कसोड करून घ्यायचं आणि सासरी नाव लावायचं नाही. बाई मध्ये लोंबकळत राहते, आणि मग आपणच म्हणतो, तिची पत नाही.

करायचं काय? मोठं काही सांगत नाही, आपल्या हातातलं सांगतो.

घराच्या नमुना आठवर बायकोचं नाव आहे का, ते या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर अर्ज करा. बहिणीकडून हक्कसोड करून घ्यायचं ठरत असेल तर निदान तिला एकटीला बसवून विचारा, आणि तिच्या वाट्याचं काय द्यायचं ते साडीत मोजू नका. बायकोच्या, आईच्या नावानं धंदा चालत असेल तर व्यवहार तिच्या खात्यावरून करा. फोन-पे तिच्या नावाचं लावा. बँकेला दिसणारी पत तिथूनच तयार होते. बँकेत एकटीला पाठवू नका, पण तिच्या वतीनं तुम्ही बोलूही नका. अर्जाची पोच घ्या. नकार लेखी मागा.

आणि बँकांनी एक करावं. गटात पाच-सहा वर्षं बिनचूक फेड केलेल्या बाईला तिच्या एकटीच्या नावानं पुढचं कर्ज देताना गटाची फेड हीच तिची पत धरावी. ग्रामसभेत बँकेच्या प्रतिनिधीला बोलवावं आणि वर्षातून एकदा विचारावं: गावातल्या किती बायांचे अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रकमेचे? सरपंच, सदस्य मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आता माझं. दुसऱ्याला शहाणपण सांगून स्वतः गप्प बसणं बरं नाही.

आमच्या घराला लागून रस्त्याच्या कडेला वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या आहेत. वडील गेल्यावर त्याही माझ्याच नावावर झाल्या. त्या आक्काच्या नावावर बक्षीसपत्र करून द्यायचं मी ठरवलंय. वकिलांशी बोललो, कागद तयार व्हायला टाकलेत. पंढरपूरच्या रस्त्यावरची जागा आहे, तिचं दुकानही तिथं होईल. उपकार नाही हा, तिचंच तिला अर्धमुर्धं परत करतोय. धाकटीशीही बोलणं चालू आहे. आणि बँकेत आक्काचा अर्ज परवा पोच घेऊन दिलाय, तारण न लावता. मंजूर होतो की लेखी नकार येतो ते इथंच लिहीन.

आक्काला फोनवर हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "आधी बायकोला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. संध्याकाळी विचारलं. बायको म्हणाली, "द्या की. पण उरलेल्या घरावर माझं नाव कधी लावताय?"

उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जातोय. तुमच्यातलं कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. आणि तुमच्या आई-बहिणीला, बायकोला बँकेत काय अनुभव आला तोही लिहा, बँकेचं नाव न घालता. चांगला आला असेल तर तो आधी लिहा.